बाफले निघायच्या आत

संयोजकजींनी उभ्या आयुष्यात एकही भाषण केलं नाही, आणि तरीही इकडे मालव्यात, देवास-धारकडे, विज्ञानाचं काही ठरलं की लोक म्हणायचे, "संयोजकजींनी केलं." अन्याय म्हणतात तो याला. बोलायचो आम्ही, घसा बसायचा आमचा, नकाशे आमचे, नमुने आमचे, आणि हा गृहस्थ दाराशी हात जोडून एवढंच म्हणणार, "या, या. चपला इकडे सोडा. पाणी घेतलंत का?" तेवढ्या भांडवलावर नाव त्यांचं.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणारही नाही. पण मला त्यांचा हेवा वाटायचा, अगदी पोटात दुखेपर्यंत वाटायचा, आणि आमच्या घरात ही गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा लपवून उपयोग नाही.

देवासच्या एका कारखान्यात ते कामगार-अधिकारी होते. संप मिटवणं, रुसलेल्याला कामावर आणणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून त्यांनी 'विज्ञान-नीती विचार मंच' नावाचं प्रकरण सुरू केलं. नाव भारदस्त, पण सगळे त्याला नुसतं 'बैठक' म्हणायचे. एकदा देवासला, एकदा धारला, अशी आलटून पालटून ती भरायची. कॉलेजांतले, संशोधन संस्थांतले जाणकार आणि कलेक्टर, खात्यांचे अधिकारी, आमदार, सरपंच यांना एका छपराखाली आणायचं आणि आपल्या दोन जिल्ह्यांत कुठलं तंत्रज्ञान आणावं, कुठलं आणू नये, यावर बोलतं करायचं. कधी टेकडीवरच्या पवनचक्क्या, कधी सोयाबीनवर औषध फवारणारे ड्रोन. कागदोपत्री ते मंचाचे संयोजक. इकडच्या रिवाजाप्रमाणे त्याला 'जी' चिकटला आणि मूळ नाव मागे पडलं. पुढे पुढे त्यांच्या घरी लग्नपत्रिकासुद्धा 'श्री. संयोजकजी' अशा यायला लागल्या.

मी भूशास्त्राचा प्राध्यापक. जमिनीखालच्या पाण्यावर पीएच.डी. केलेला. आणि विज्ञानाची बैठक चालवणारे संयोजकजी कोण, तर इतिहासाचे बी.ए. मी हे एकदा घरी बोलून दाखवलं. ही पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, लग्न लावणाऱ्या गुरुजींना नवरदेव व्हावं लागतं का?" हिच्यापुढे बोलायची सोय नाही. त्यातून संयोजकजी हिला 'वहिनीसाहेब' म्हणायचे आणि हिच्या आंब्याच्या लोणच्याची चौकशी करायचे. म्हणजे घरातलं मतही त्यांच्याच पारड्यात.

देवासची एक जुनी गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. एवढ्याशा गावात पूर्वी संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एका राजाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. संयोजकजींचे पूर्वज या दोन दरबारांत निरोप पोचवायचे. "आमच्या घराण्याचा धंदाच तो," ते सांगायचे. "थोरल्याचं म्हणणं धाकट्याच्या कानावर घालायचं, धाकट्याचं थोरल्याच्या. वाटेत शिव्या तेवढ्या गाळायच्या." हे ते हसत सांगायचे आणि ऐकणाराही हसायचा. मी मात्र मनात म्हणायचो, आमचे आजोबा दरबारात साधे फडणीस, त्यांनी एवढंही काही शिकवून ठेवलं नाही.

बैठकीत व्यासपीठ नसायचं. मंगल कार्यालयात खुर्च्यांच्या पंगतीसारख्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या आणि कोणी कुठे बसायचं ते संयोजकजी ठरवायचे. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांना ते हटकून शेजारी बसवायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, भांडणारा समोर बसला की त्याच्यावर डोळे वटारता येतात. शेजारी बसला की त्याला पाण्याचा पेला पुढे करावा लागतो." बोलणं चतुर, पण त्याचा फटका मला. माझी जागा कायम धारच्या पाणीखात्यातल्या एका कार्यपालन यंत्र्यांशेजारी, म्हणजे मराठीतल्या कार्यकारी अभियंत्यांशेजारी. लोक त्यांना यंत्रीसाहेब म्हणायचे. जगात मला न आवडणारी माणसं फार नाहीत. त्यांत यंत्रीसाहेबांचा नंबर बराच वर होता.

दुसरी तक्रार पडद्याची. मी रंगीत नकाशे, तक्ते असलेलं छान सादरीकरण बनवायचो. संयोजकजींनी पडदा कधीच लावू दिला नाही. "पडदा लागला की माणसं पडद्याकडे बघतात, एकमेकांकडे नाही," म्हणायचे. लॅपटॉप पिशवीत घालून न्यायचा आणि पिशवीतच घालून परत आणायचा, अशी माझी कितीतरी वर्षं गेली.

पण बैठकीचा खरा प्राण बाफले. मालव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: जाड कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वर डाळ. पहिल्याच बैठकीत संयोजकजींनी एक घोडचूक केली होती. पाहुणे लांबून आलेले, उपाशीपोटी कशाला बोलायला लावा, म्हणून आधी जेवण घातलं. परिणाम व्हायचा तोच झाला. बाराला पंगत उठली आणि एकपर्यंत अख्खी बैठक झोपली. भोपाळहून आलेले सचिव खुर्चीत मान टाकून घोरत होते आणि पवनचक्क्यांवर बोलणारे विद्वान त्यांच्या घोरण्याच्या तालावर आकडे सांगत होते. माझी पाळी शेवटी होती. मी ज्यांच्यासमोर बोललो त्यांत जागा असा फक्त वाढपी होता.

दुसऱ्या कोणी लाजून तो उद्योगच सोडला असता. संयोजकजींनी त्या चुकीचाच नियम केला. आधी बैठक, मग बाफले. आणि बैठक सुरू व्हायच्या वेळीच मागच्या अंगणात कंडे पेटवायचे. स्वयंपाकाला देवासचे एक म्हातारे महाराज असायचे, धारला बैठक असली तरी त्यांनाच गाडीत घालून न्यायचे. बाफले भाजून निघायच्या आत काय ते ठरलं पाहिजे. ठरलं नाही, तर बाफले थंड होऊन दगड होणार, आणि मालव्यातल्या माणसाला दुसरं काहीही चालेल, गार बाफला चालणार नाही. भाजल्या कणकेचा वास हॉलमध्ये शिरला की लांबड लावणारे विद्वान आपोआप मुद्द्यावर यायचे आणि "हम देखते हैं" म्हणणारे अधिकारी "चलिए, कर लेते हैं" वर यायचे. मग संयोजकजी दारात उभे राहून म्हणायचे, "चला, बाफले निघाले!" एवढं त्यांचं समारोपाचं भाषण.

त्यांची एक सवय मला विशेष खटकायची. चर्चा ऐन रंगात आली, आवाज चढले, की हे उठून मागच्या दाराने बाहेर पडायचे. "जरा बाफले बघून येतो." हातात एक लांब दांड्याचा लोखंडी चिमटा. कन्नौदच्या मंडीतल्या धान्याची ओल मोजणाऱ्या यंत्राचा विषय होता तेव्हाही तेच. शेतकरी म्हणत होते व्यापाऱ्याचं यंत्र ओल जास्त दाखवतं, व्यापारी म्हणत होते शेतकरी पहाटे दव पडलेला माल आणतात. यंत्राचे जाणकार आणि मंडीचे सचिव शेजारी शेजारी बसलेले, दोघांचे चेहरे लाल. आणि संयोजकजी चिमटा घेऊन बाहेर. परत आले तेव्हा ठरलंही होतं: मंडीच्या फाटकाशी एक यंत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं आणि त्याची तपासणी दोन्ही पक्षांसमोर करायची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, 'संयोजकजी के प्रयास रंग लाए'. प्रयास कसले, हे बाफले उलटत होते! फोटोत मधोमध ते, आणि काठावर एक कोपर दिसत होतं. ते माझं.

आता माझ्या विहिरी. त्यांच्यासाठीच तर मी एवढं सोसत होतो. धार जिल्ह्याच्या दक्षिणेला, डहीकडे, काही गावांत हँडपंपाच्या पाण्यात फ्लोराइड फार. पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, मोठ्यांचे गुडघे आखडतात. खोल खडकातलं पाणी उपसलं की हे येणारच. माझं म्हणणं सरळ होतं: ते खोल हँडपंप बंद करा आणि गावातल्या जुन्या उथळ विहिरी साफ करून, बांधून, झाकून वापरात आणा, वरच्या थरातलं पाणी बरंच चांगलं असतं. यंत्रीसाहेबांचं खातं हँडपंपांना गाळण्या बसवायचं. गाळणीतला मसाला संपला की ती नुसती शोभेला. मी हे कॉलेजात शिकवलं, निबंध लिहिले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. जो तो "बहुत अच्छा सुझाव है, सर" म्हणून चहा पाजायचा. चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं, पण एक विहीर हलली नाही. त्या गावांत मी पंचविशीचा असताना जी पोरं पाहिली होती, त्यांची पोरं आता तशाच दातांनी हसत होती. मला ते बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, हे सांगणारा मी आहे, हे कोणीतरी ऐकावं असंही फार वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच पोटात होत्या.

संयोजकजींनी धारच्या बैठकीत हा विषय घेतला. कलेक्टर मॅडम आल्या, सरपंच आले, मी आलो आणि माझ्या शेजारी अर्थातच यंत्रीसाहेब आले. मी बोललो. यंत्रीसाहेब आडवे आले. "सर, आप लोग कुएँ की बात किताब से करते हो. जमीन पे आके देखो." मी म्हणालो, तुमच्या गाळण्या जमिनीवर येऊन बघितल्या आहेत, त्यांवर कपडे वाळत घालतात. सरपंच हसले. यंत्रीसाहेबसुद्धा हसले, आणि त्यांनीच माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. वाद तापत गेला. त्या दिवशी तर संयोजकजी खुर्चीला टेकलेच नाहीत. सारखे आत-बाहेर, आत-बाहेर. मला वाटलं, निदान आज तरी बसा! माझ्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्हाला कणकेचे गोळे सुचतात! वास आला. कलेक्टर मॅडम घड्याळाकडे न बघता मागच्या दाराकडे बघायला लागल्या. आणि एकदम म्हणाल्या, "ठीक है, डही की तरफ़ के कुछ गाँवों में करके देखते हैं. दोनों साथ में करेंगे." दोनों म्हणजे मी आणि यंत्रीसाहेब.

"चला, बाफले निघाले!"

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं. मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण पंगतीत कलेक्टर मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "संयोजकजी, यह आप ही करवा सकते थे." मी हातातला बाफला पानातच ठेवला. परतीच्या वाटेवर, त्यांच्या जुन्या मारुतीत, मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. मागे महाराज पातेली सांभाळत बसलेले. इंदूर मागे पडल्यावर संयोजकजी म्हणाले, "आज छान झालं, नाही?" मी म्हणालो, "तुमचंच तर झालं." त्यांनी गाडी हळू केली. "प्रोफेसरसाहेब, जो पाट मांडतो तो शेवटी जेवतो. माझ्या वाटणीला आज डाळसुद्धा उरली नव्हती. वहिनीसाहेबांकडे काही आहे का बघा." आणि खरंच, आमच्याकडे उतरून ते मुगाची खिचडी आणि लोणचं खाऊन गेले. ही वाढताना इतकी खूश होती की मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

विहिरी झाल्या. पाणी तपासलं, चांगलं निघालं. मग संयोजकजींच्या छातीत दुखायला लागलं आणि बडोद्याच्या लेकीने त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या आधी ते आमच्याकडे आले. बैठक आता मी चालवावी म्हणाले. मी भीड म्हणून "छे, छे, मी कसा" म्हटलं, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी गुपित सांगणार, एवढ्या बड्या लोकांना कसं बोलवायचं, कसं वळवायचं. त्यांनी तो लोखंडी चिमटा माझ्या हातात दिला. "महाराजांना आधी विचारत जा. त्यांची तारीख मिळाली की कलेक्टरांची मिळते." एवढंच. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिमटा घेतला आणि मनात म्हटलं, आता बघा.

माझ्या पहिल्या बैठकीत पडदा होता. विषय माझाच: डहीकडे झालं ते नालछ्याकडच्या गावांत करायचं का. यंत्रीसाहेबांना मी लांबच्या टोकाला बसवलं आणि स्वतः कलेक्टर मॅडमशेजारी बसलो. प्रास्ताविक मी केलं. नकाशे मी दाखवले. कोणी काही विचारलं की उत्तर मी दिलं, काही वेळा त्यांनी विचारायच्या आधीच दिलं. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, ते काय थांबतंय! मागून वास आला, मग वास जरा करपट झाला, मग महाराज दारात येऊन उभे राहिले आणि खाणाखुणा करायला लागले. मी त्यांना हातानेच थांबवलं. शेवटचे थोडेच नकाशे उरले होते. ते दाखवून होईतो कलेक्टर मॅडमना कुठून तरी फोन आला आणि त्या न जेवताच गेल्या. यंत्रीसाहेब म्हणाले, "सर, बहुत ज्ञानवर्धक था. इस पर फिर कभी बैठेंगे." सरकारी भाषेत 'फिर कभी' म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. बाफले वरून कोळसा, आतून वीट. लोकांनी डाळ पिऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर हिने विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं." ती म्हणाली, "अरे देवा."

तिनेच मग बडोद्याला फोन लावून माझ्या हातात दिला. संयोजकजींचा आवाज बारीक झाला होता. मी सगळं सांगितलं. थोडं कमी करून सांगितलं, पण त्यांना कळलं. मला राग आला होता. त्यांचाच आला होता. मी म्हणालो, "मला एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला स्वतःला कधी बोलावंसं वाटलं नाही?"

ते हसले, मग खोकले. "वाटायचं की! म्हणून तर बाफले बघायला उठायचो."

"बाफले बघायला?"

"अहो, जिभेवर शब्द आला की उठायचं. बाफले काय माझ्या बघण्याने भाजत होते? तुमच्या विहिरींच्या दिवशी तर मला बसवतच नव्हतं."

"म्हणजे... तुम्हाला इतका आनंद झाला होता?"

"नाही हो. मला ते पटलंच नव्हतं."

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. ही समोर उभी होती, तिला माझा चेहरा बघूनच काय ते कळलं असावं, कारण ती खुर्ची पुढे सरकवून गेली.

"पटलं नव्हतं? मग मला बोलावलंत कशाला? मॅडमना आणलंत कशाला?"

"तुमचं म्हणणं त्यांनी ऐकावं म्हणून. माझ्या पटण्याचा काय संबंध? मी थोडाच जाणकार आहे." जरा दम घेऊन ते म्हणाले, "मला एवढंच वाटत होतं, विहीर दरसाल उपसणार कोण? पहिल्या वर्षी साहेब लोक येतात, गाव हौसेने गाळ काढतं. पुढे? हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. आणि मी तिथे विचारलं असतं ना, तर तुम्ही माझ्याशी भांडत बसला असतात आणि यंत्रीसाहेब मजेत बघत राहिले असते. जाऊ द्या. वहिनीसाहेबांना द्या फोन, यंदाचं लोणचं कसं झालंय विचारतो."

तेच आमचं शेवटचं बोलणं. पुढची बैठक ठरायच्या आत बडोद्याहून निरोप आला. मी बातमी महाराजांना सांगायला गेलो तर ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "भिया, मेरी तारीख लिख लो. जब बोलोगे, आ जाऊँगा."

ती बैठक धारलाच झाली. पडदा नव्हता. यंत्रीसाहेबांना मी पुन्हा जवळ घेतलं, पण या खेपेला माझ्या शेजारी नाही, डहीकडच्या एका सरपंच बाईंच्या शेजारी. दाराशी उभा राहून मी लोकांना चपला कुठे सोडायच्या ते सांगितलं. ते करताना अंगावर काटा आला, लाजेचा म्हणा, कशाचा म्हणा. नालछ्याचा विषय निघाला. कलेक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सरपंच बाईंकडे पाहिलं.

बाई उभ्याच राहिल्या. "मैडम, पानी अच्छा है, कुछ नहीं बोलना. बच्चे पी रहे हैं. पर कुएँ में गाद भर गई. पहले साल तो साहब लोग आए थे, सबने मिलके निकाली. अब कौन निकालेगा? सब एक-दूसरे का मुँह देखते हैं."

 बडोद्याहून विचारलेला प्रश्न, शब्दशः तोच. आणि लगोलग माझ्या जिभेवर उत्तर आलं. गावोगाव समिती नेमायची, तिला प्रशिक्षण द्यायचं, कॉलेजातून आम्ही माणसं पाठवायची. फोननंतर मी सगळं योजून ठेवलं होतं. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं.

"जरा बाफले बघून येतो," मी म्हणालो.

मागच्या अंगणात महाराज कंडे सारखे करत होते. मी चिमटा घेऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. "अबी तो कच्चे हेंगे भिया."

"माहीत आहे."

"वो बी यईंच खड़े रेते थे," ते म्हणाले आणि जरा सरकून त्यांनी मला भिंतीशी जागा करून दिली. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं. आत कोणी बोलेना. मला राहवेना. मी एक बाफला उगाच उलटला, बोटं पोळली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि यंत्रीसाहेबांचा आवाज आला, सावकाश, विचार करत करत.

"मैडम, एक बात है. हैंडपंप बंद करेंगे तो हमारा जो हैंडपंप मिस्त्री है गाँव-गाँव में, वो क्या करेगा? खाली बैठेगा. उसी को कुएँ पे लगा देते हैं. सफ़ाई, ढक्कन, दवाई, सब उसकी ज़िम्मेदारी. आदमी अपना, गाँव का, तनख़्वाह पहले से चालू."

सगळे एकदम बोलायला लागले. सरपंच बाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. हे माझ्या समितीहून चांगलं होतं. कितीतरी चांगलं होतं, आणि मला ते जन्मात सुचलं नसतं. मी आत असतो तर माझी समिती सांगून मोकळा झालो असतो, आणि यंत्रीसाहेबांनी मिस्त्रीचं नावही काढलं नसतं. टाळ्या वाजल्या. कलेक्टर मॅडम म्हणाल्या, "तो नालछा में भी ऐसे ही करते हैं." कोणीतरी म्हणालं, "वाह, यंत्रीजी!" आणि तो मनुष्य, ज्याने माझ्या विहिरींना एवढी वर्षं आडकाठी केली, तो काय म्हणाला? म्हणाला, "मैं तो शुरू से कुएँ के पक्ष में था."

 चिमट्याची दांडी मी मुठीत अशी आवळली की महाराज म्हणाले, "धीरे, भिया." नालछ्याच्या पोरांना चांगलं पाणी मिळणार होतं. माझ्या उभ्या जन्माचं काम आत पार पडत होतं, आणि मी कंड्यांच्या धुरात डोळे चोळत उभा होतो. मला हेवा वाटला. यंत्रीसाहेबांचा वाटलाच, तो काय सांगायचा. पण त्याहून जास्त वाटला तो त्या दुसऱ्या माणसाचा, जो याच भिंतीशी, माझ्याच विहिरींच्या दिवशी, न पटलेलं सगळं असंच गिळून उभा होता आणि मग हसत आत आला होता. हे त्यांना कसं जमायचं? मला एकदाच करताना घाम फुटला.

महाराजांनी एक बाफला काढला, फडक्यात दाबून फोडला. वाफ आली. त्यांनी मान हलवली.

मी हात पुसले, तोंड पुसलं, आणि दारात जाऊन उभा राहिलो. "चला," मी म्हणालो, "बाफले निघाले."

सगळे उठले. मी शेवटी जेवलो. डाळ उरली नव्हती.